लाल रक्तपेशींचे पटल आणि जीवनसत्त्व ई : संरक्षण नेमके कुठे, किती आणि कुणाला?

लोहितांग

ई जीवनसत्त्वामुळे रक्त वाढते असे विधान अलीकडे आरोग्यविषयक गप्पांत वारंवार वाचायला मिळते, म्हणून आरंभीच सांगतो की ते खरे नाही. नव्या लाल पेशी घडवायला लोह, बी-१२, फॉलिक आम्ल आणि प्रथिने लागतात. ई जीवनसत्त्वाचे मुख्य काम त्यानंतरचे आहे, म्हणजे घडलेली पेशी रक्तप्रवाहात उतरल्यावर तिचे पटल, म्हणजे बाहेरचे आवरण, शाबूत राखण्याचे. हे काम कसे चालते, ते कोणत्या परिस्थितीत अपुरे पडते आणि कॅप्सूल घेतल्याने त्यात काही भर पडते का, एवढ्यापुरताच हा धागा ठेवावा अशी विनंती आहे. केस, त्वचा आणि सुरकुत्या यांविषयीचे प्रश्न कृपया अन्यत्र विचारावेत.

लाल पेशीची अडचण तिच्या कामातच आहे. सुमारे १२० दिवसांच्या आयुष्यात ती अखंड प्राणवायू वाहत असते आणि तिच्यात हिमोग्लोबिनचे सुमारे २७ कोटी रेणू, प्रत्येकी लोहाच्या चार अणूंसह, दाटीवाटीने भरलेले असतात. हिमोग्लोबिनला जोडला गेलेला प्राणवायू बहुतेक वेळा जसा आला तसाच सुटतो. मात्र अधूनमधून तो सुटताना लोहाचा एक इलेक्ट्रॉन सोबत घेऊन जातो. मग त्या हिमोग्लोबिनचे मेथेमोग्लोबिन होते आणि निसटलेला प्राणवायू सुपरऑक्साइड या मुक्त मूलकाच्या (सुटा इलेक्ट्रॉन असलेल्या अस्थिर रेणूच्या) रूपाने पेशीत फिरू लागतो. पूर्ण निरोगी माणसाच्या शरीरातही दिवसाकाठी एक ते तीन टक्के हिमोग्लोबिनच्या बाबतीत हे घडत असते. शरीरातल्या इतर पेशी बिघडलेले प्रथिन मोडून नवे घडवू शकतात. परिपक्व लाल पेशीत ना केंद्रक असते, ना मायटोकॉन्ड्रिया, ना रायबोसोम. अस्थिमज्जेतून बाहेर पडताना जी यंत्रणा मिळाली, तिच्यावरच तिला चार महिने निभवायचे असते.

ही यंत्रणा तशी भक्कम आहे. पेशीच्या आतल्या पाणीदार भागात सुपरऑक्साइड डिस्म्युटेज हे विकर (एन्झाइम) सुपरऑक्साइडचे हायड्रोजन पेरॉक्साइड करते आणि ते पेरॉक्साइड पुढे कॅटालेज, ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज व पेरॉक्सिरेडॉक्सिन ही विकरे निकामी करतात. पण पेशीचे पटल मेदाचे आहे, आणि या मेदात लिनोलेइक व ॲराकिडोनिक यांसारखी बहुअसंतृप्त मेदाम्ले भरपूर असतात. त्यांच्या दोन दुहेरी बंधांच्या मधल्या कार्बनवरचा हायड्रोजन फार सैल बांधलेला असतो. एखाद्या मूलकाने तो ओढून नेला, की उरलेल्या मेदाम्लाला लगेच प्राणवायू चिकटतो आणि पेरॉक्सिल मूलक तयार होते. ते शेजारच्या मेदाम्लाचा हायड्रोजन ओढते, ते पुढच्याचा, आणि ही साखळी कुणी तोडेपर्यंत चालूच राहते. जुने करडईचे तेल किंवा उन्हाळ्यात राहिलेले शेंगदाण्याचे कूट खवट होते, ती रासायनिक क्रिया हीच.

साखळी तोडणारा रेणू म्हणजे अल्फा-टोकोफेरॉल. ई जीवनसत्त्वाची निसर्गात आठ रूपे आहेत, चार टोकोफेरॉल आणि चार टोकोट्रायएनॉल. परंतु यकृतातले एक विशिष्ट वाहक प्रथिन त्यांतून मुख्यतः अल्फा-टोकोफेरॉल निवडून रक्तातल्या मेदप्रथिनांत भरते, आणि तिथून ते लाल पेशींच्या पटलात उतरते. त्याची लांब मेदस्नेही शेपटी पटलाच्या आत रुतलेली असते आणि हायड्रॉक्सिल गट असलेले डोके पृष्ठभागाजवळ राहते. पेरॉक्सिल मूलक शेजारच्या मेदाम्लाशी जितक्या वेगाने अभिक्रिया करते, त्याच्या सुमारे हजारपट वेगाने ते टोकोफेरॉलशी करते. म्हणूनच हजारभर मेदरेणूंमागे टोकोफेरॉलचा जेमतेम एक रेणू असूनही काम भागते. टोकोफेरॉल आपला हायड्रोजन देऊन टाकतो आणि स्वतः मूलक बनतो. परंतु त्याचा सुटा इलेक्ट्रॉन डोक्याच्या वलयावर पसरून स्थिरावत असल्याने ते मूलक सुस्त असते आणि सहसा शेजाऱ्यावर हल्ला करत नाही.

हे सुस्त मूलक पुन्हा कामावर आणण्याची जबाबदारी क जीवनसत्त्वाची. ते पाण्यात विरघळणारे असल्याने पटलाच्या काठावर येऊन टोकोफेरॉलला हायड्रोजन परत देते, आणि क जीवनसत्त्व स्वतः पुढे ग्लुटाथायोन या पेशीतल्या छोट्या रेणूच्या मदतीने पूर्ववत होते. ग्लुटाथायोनला पूर्ववत व्हायला लागणारे एनएडीपीएच (हायड्रोजन पुरवणारा रेणू) ग्लुकोजपासून मिळते. अर्थात पटलातले ई जीवनसत्त्व हे या सबंध साखळीचे केवळ शेवटचे टोक आहे. मागे कुठेही तूट असेल, तर पुढे कितीही टोकोफेरॉल ओतून ती भरून निघत नाही, आणि माझ्या मते या विषयावरचे बहुतेक गैरसमज इथेच सुरू होतात.

संरक्षण कमी पडले तर पटल ताठर होते. स्वतःच्या व्यासापेक्षा अरुंद असलेल्या केशवाहिन्यांतून आणि पांथरीतल्या फटींतून पेशीला दुमडून जावे लागते. ताठर पेशी तिथे अडकते आणि भक्षक पेशींच्या तावडीत सापडते, किंवा वाटेतच फुटते. यालाच रक्तविघटन म्हणतात.

इतिहास थोडक्यात सांगतो. १९२२ साली कॅलिफोर्निया विद्यापीठात हर्बर्ट इव्हान्स आणि कॅथरिन बिशप यांनी पांढऱ्या उंदरांच्या प्रजननाचा अभ्यास करताना हे जीवनसत्त्व शोधले. त्या वेळी रक्ताशी त्याचा काही संबंध असेल अशी कल्पना नव्हती. १९४० च्या दशकाच्या अखेरीस पॉल ग्यॉर्गी आणि रोझ यांना ई जीवनसत्त्व कमी असलेल्या उंदरांना ॲलोक्झान हे रसायन टोचल्यावर त्यांच्या लघवीत हिमोग्लोबिन उतरताना दिसले, आणि इथून लाल पेशींचा धागा हाती लागला. माणसावरचा सर्वांत दीर्घ अभ्यास १९५० च्या दशकात अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातील एल्गिन येथील मनोरुग्णालयात मॅक्स हॉरविट यांनी केला. तिथल्या पुरुष रुग्णांना काही वर्षे ई जीवनसत्त्व अत्यल्प असलेला आहार देण्यात आला (आजच्या संमतीच्या निकषांवर हा अभ्यास उभाच राहू शकला नसता, हे नोंदवणे भाग आहे). त्यांच्या लाल पेशी परीक्षानळीत हायड्रोजन पेरॉक्साइडपुढे सहज फुटू लागल्या, शरीरातले त्यांचे आयुष्यही थोडे घटले. पण ठळक रक्तक्षय झाला नाही. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २००० साली प्रौढांसाठी दिवसाला १५ मिलिग्रॅम अल्फा-टोकोफेरॉलची जी शिफारस केली, ती याच निरीक्षणांवर बेतलेली आहे.

सुनंदा_लॅब

लेख आवडला. मी पॅथॉलॉजीच्या प्रयोगशाळेत काम करत असे. वर उल्लेख आलेली पेरॉक्साइड चाचणी आता सहसा कुणी करत नाही, म्हणून ती कशी असते ते लिहिते.

रक्ताचा नमुना घेऊन त्यातल्या लाल पेशी सलाइनने वारंवार धुवाव्या लागतात, कारण प्लाझ्माचा अंश राहिला तर त्यातले पदार्थ पेरॉक्साइड खाऊन टाकतात आणि पेशी आहेत त्याहून चिवट भासतात. धुतलेल्या पेशींचा थोडासा भाग सौम्य हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये आणि तेवढाच भाग ऊर्ध्वपातित पाण्यात घालायचा. पाण्यातल्या सगळ्या पेशी फुटतात. तो झाला शंभर टक्क्यांचा नमुना. ३७ अंशांवर तीन तास ठेवून दोन्ही नळ्या सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायच्या. ई जीवनसत्त्व पुरेसे असलेल्या माणसाच्या नळीत तळाशी लाल गोळा बसतो आणि वरचे पाणी जवळजवळ रंगहीन राहते. कमतरता असेल तर वरचा द्रव लालसर होतो आणि तळाचा गोळा दिसेल न दिसेल इतका उरतो. दोन नळ्यांच्या रंगाची तुलना कलरीमीटरवर करून टक्केवारी काढली जाते.

चाचणी नाजूक आहे. पेरॉक्साइडची बाटली जुनी झालेली असली किंवा पेशी धुताना हयगय झाली, तरी निकाल फिरतो. शिवाय नळीतला मारा शरीरात प्रत्यक्ष होणाऱ्या माऱ्यापेक्षा कितीतरी पट तीव्र असतो, त्यामुळे या चाचणीत पेशी फुटल्या म्हणजे शरीरातही त्या फुटत आहेत असा अर्थ काढता येत नाही. खरोखर रक्तविघटन चालू आहे का, हे रेटिक्युलोसाइट (नुकत्याच तयार झालेल्या कोवळ्या लाल पेशी), अप्रत्यक्ष बिलिरुबिन, एलडीएच आणि हॅप्टोग्लोबिन या रक्तातल्या निर्देशकांवरून ठरवावे लागते.

रसायनवाला

दोन पुरवण्या जोडतो. पहिली अशी की टोकोफेरॉलचे मूलक प्रत्येक वेळी क जीवनसत्त्वाकडून पूर्ववत होतेच असे नाही. कधी ते दुसऱ्या पेरॉक्सिल मूलकाला थेट जोडले जाते आणि दोघेही कायमचे बाद होतात. त्यामुळे टोकोफेरॉलचा एक रेणू वाया जाण्याआधी दोन साखळ्या तोडून जातो.

दुसरी पुरवणी अधिक महत्त्वाची आहे. सोबत क जीवनसत्त्वासारखा दुसरा रक्षक नसेल, तर हेच सुस्त मूलक सावकाश का होईना, शेजारच्या मेदाम्लातून हायड्रोजन ओढू शकते. १९९० च्या दशकात एलडीएल (रक्तातून कोलेस्टेरॉल वाहणाऱ्या) कणांवर काम करणाऱ्या संशोधकांनी हे दाखवून दिले. म्हणजे विशिष्ट परिस्थितीत टोकोफेरॉल ऑक्सिडीकरणाला हातभारही लावू शकते. 'अँटिऑक्सिडंट' हा गुण रेणूला जन्मजात चिकटलेला नसून तो परिसरावर अवलंबून असतो, हे आमच्या विद्यार्थ्यांच्या गळी उतरवताना आजही नाकी नऊ येतात.

पहाटवारा

माझ्या बहिणीचे बाळ तिसाव्या आठवड्यात जन्मले आणि महिनाभर नवजात अतिदक्षता विभागात होते. घरी पाठवताना दिलेल्या थेंबांत ई जीवनसत्त्वही आहे. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना याची विशेष गरज असते का? तिथे विचारले, तेव्हा "सगळ्यांनाच देतो" एवढेच उत्तर मिळाले.

लोहितांग

पहाटवारा, हा या विषयातला सर्वांत बोधप्रद भाग आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

नाळेतून ई जीवनसत्त्व बाळाकडे फार कमी जाते, आणि जे जाते ते मुख्यतः शेवटच्या महिन्यांत बाळाच्या अंगावर चरबी धरताना साठते. मुदतीपूर्वी जन्मलेल्या बाळाकडे ही चरबीच नसते. त्यात आतड्यांची मेद शोषण्याची क्षमताही अपुरी. १९६७ साली अमेरिकेत ऑस्की आणि बार्नेस यांनी अशा बाळांत जन्मानंतर काही आठवड्यांनी दिसणारा एक रक्तक्षय वर्णिला. हिमोग्लोबिन उतरलेले, रेटिक्युलोसाइट वाढलेले, रक्तातले ई जीवनसत्त्व अत्यल्प, आणि लाल पेशी पेरॉक्साइड चाचणीत झपाट्याने फुटणाऱ्या. त्याच सुमारास इतरांनी अशा बाळांच्या अंगावर सूज आणि प्लेटलेटची वाढही नोंदवली होती. ई जीवनसत्त्व दिल्यावर हिमोग्लोबिन सुधारले.

मग प्रश्न असा, की हा आजार तेव्हाच का पुढे आला? त्या काळात बाळांच्या डब्याच्या दुधात गाईच्या दुधातल्या मेदाऐवजी वनस्पती तेले घालण्याची पद्धत रुळली होती. ही तेले लिनोलेइक आम्लाने समृद्ध, आणि बाळ जे मेद खाते त्याचेच त्याच्या लाल पेशींचे पटल बनते. म्हणजे पटलात सहज ऑक्सिडीकरण होणारी मेदाम्ले वाढली, पण त्यांना राखणारे टोकोफेरॉल त्या प्रमाणात वाढले नाही. त्याच जोडीला रक्तक्षय होऊ नये म्हणून लोह दिले जात होते, आणि लोह हे मूलकांच्या निर्मितीला चालना देणारे. १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हे स्पष्ट झाले की बहुअसंतृप्त मेद जास्त असताना लोह दिले तरच रक्तविघटन वाढते. मेदाचा प्रकार बदलला तर तेवढ्याच लोहाने बिघाड होत नाही. त्यानंतर डब्याच्या दुधात बहुअसंतृप्त मेदाच्या प्रमाणात ई जीवनसत्त्व घालण्याचे नियम आले आणि हा आजार जवळजवळ नाहीसा झाला.

पुढची गोष्टही सांगायला हवी. १९८७ साली कॅनडातल्या झिपर्स्की आणि सहकाऱ्यांनी नव्या दुधावर वाढणाऱ्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांवर नियंत्रित चाचणी केली, तेव्हा वरून ई जीवनसत्त्व दिल्याने हिमोग्लोबिनमध्ये काहीच फरक पडला नाही. तूटच उरली नव्हती, त्यामुळे भर घालून उपयोग होणार नव्हता. आणि त्याआधी, १९८४ साली, अमेरिकेत शिरेतून देण्याचे ई जीवनसत्त्वाचे एक औषध मागे घ्यावे लागले होते. ३८ अर्भकांच्या मृत्यूंशी त्याचा संबंध जोडला गेला. संशय प्रामुख्याने त्यातल्या विद्रावकावर होता.

आपल्या भाच्याला किंवा भाचीला दिलेल्या थेंबांतली मात्रा सहसा रोजच्या गरजेएवढीच असते. ती डॉक्टरांनी सांगितली तितके दिवस द्यावी, स्वतःच्या मनाने वाढवू नये. आईच्या पहिल्या चिकाच्या दुधात ई जीवनसत्त्वाचे प्रमाण नंतरच्या दुधापेक्षा बरेच जास्त असते, हेही इथे नोंदवून ठेवतो.

कल्याणकर

आमच्या घराण्यात जी-सिक्स-पीडी या लाल पेशीतल्या विकराची कमतरता आहे. मामाला हिवतापासाठी प्रायमाक्विन दिल्यावर लघवी काळपट झाली होती आणि तेव्हा ते निदान झाले. वरचा लेख वाचून असे वाटते की आम्ही मंडळींनी ई जीवनसत्त्व नियमित घ्यावे. हा तर्क बरोबर आहे का?

लोहितांग

कल्याणकर, तर्क स्वाभाविक आहे, पण तो अर्ध्यावरच थांबतो. आपल्या गावाचेही नाव या विषयात आहे, हे बहुधा आपणास ठाऊक नसेल. १९८४ साली कल्याणच्या एका कोळी कुटुंबात या विकराचा जो प्रकार सापडला, त्याला 'जी-सिक्स-पीडी कल्याण' असे नाव मिळाले. पुढे त्यातला जनुकीय बदल आधी सापडलेल्या केरळ प्रकारासारखाच निघाला, म्हणून आता 'केरळ-कल्याण' असा जोडउल्लेख होतो. मुंबईच्या पारशी समाजातही ही कमतरता बरीच आढळते.

लाल पेशीत एनएडीपीएच मिळवण्याचा मार्ग एकच आहे आणि त्या मार्गाचे पहिले पाऊल म्हणजे हे विकर. ते दुबळे असेल तर ग्लुटाथायोन पूर्ववत होत नाही. प्रायमाक्विनपासून शरीरात बनणारे पदार्थ मुख्यत्वे हिमोग्लोबिनवर आणि प्रथिनांच्या गंधकयुक्त गटांवर हल्ला करतात; बिघडलेल्या हिमोग्लोबिनच्या गुठळ्या पटलाला आतून चिकटतात. त्यांना हाइन्झ पिंडे म्हणतात. हा हल्ला पाणीदार भागात होतो आणि टोकोफेरॉल मेदात बसलेले असते, त्यामुळे इथे ते फारसे काही करू शकत नाही.

१९८० साली कोराश आणि सहकाऱ्यांनी भूमध्यसागरी प्रकारच्या कमतरतेत रोज ८०० युनिट ई जीवनसत्त्व देऊन मंद गतीने सतत चालणारे रक्तविघटन काहीसे कमी झाल्याचे लिहिले होते. नंतरच्या निरीक्षणांत तसा एकमुखी निष्कर्ष निघाला नाही आणि नेहमीच्या उपचारांत त्याला स्थान मिळाले नाही. औषधाने अचानक होणारे विघटन तर त्याने थांबत नाहीच. तेव्हा खरा बचाव म्हणजे निदानाचा कागद जवळ बाळगणे, प्रायमाक्विन, डॅप्सोन यांसारखी औषधे सुरू करण्याआधी डॉक्टरांना ते सांगणे, आणि घरात बाळ येणार असेल तर डांबरगोळ्या घालून ठेवलेल्या पेटीतली दुपटी-टोपडी त्याला थेट न घालणे. नॅफ्थलीनच्या वासानेही अशा नवजात बाळांत रक्तविघटन होऊन तीव्र कावीळ झाल्याच्या नोंदी आहेत.

वऱ्हाडी_मास्तर

आमच्या भागात सिकलसेलचे (लाल पेशी विळ्यासारख्या होण्याच्या आनुवंशिक आजाराचे) रुग्ण पुष्कळ आहेत आणि माझ्या वर्गातली काही मुले औषधे घेतात. त्यांच्या लाल पेशींत ऑक्सिडीकरणाचा त्रास अधिक असतो असे वाचले होते. त्यांना ई जीवनसत्त्वाचा लाभ होतो काय?

लोहितांग

मास्तर, त्रास अधिक असतो हे खरे आहे. सिकल हिमोग्लोबिन अस्थिर असल्याने त्या पेशींत सुपरऑक्साइड जास्त तयार होते, फुटलेल्या हिमोग्लोबिनचे लोह पटलाला चिकटते, आणि अशा रुग्णांच्या रक्तात ई जीवनसत्त्व कमी असल्याचे अनेक अभ्यासांत आढळले आहे. १९८० साली न्यूयॉर्कमध्ये अगदी मोजक्या रुग्णांना रोज ४५० युनिट दिल्यावर कायमच्या विळ्यासारख्या झालेल्या पेशींचे प्रमाण घटल्याचे दिसले, आणि त्यावरून मोठ्या आशा निर्माण झाल्या.

पण ब्राझीलमध्ये क आणि ई ही दोन्ही जीवनसत्त्वे मोठ्या मात्रेत देऊन केलेली, निष्क्रिय गोळीशी तुलना करणारी चाचणी २०१३ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात रक्तक्षय सुधारला नाही, उलट रक्तविघटनाचे निर्देशक वाढलेले आढळले. रसायनवाला यांनी वर जो इशारा दिला आहे, तो इथे आठवावा. या मुलांसाठी हायड्रॉक्सियुरिया, फॉलिक आम्ल, लसीकरण आणि भरपूर पाणी यांना पर्याय नाही. जी मुले हायड्रॉक्सियुरिया घेतात ती मध्येच सोडणार नाहीत याकडे आपल्यासारख्या शिक्षकाचे लक्ष असणे, हे कोणत्याही कॅप्सूलपेक्षा मोलाचे आहे.

खोबरेल_प्रेमी

एक प्रश्न तेलांविषयी. कोकणात आमचा स्वयंपाक खोबरेल तेलात होतो आणि त्यात ई जीवनसत्त्व नाही म्हणतात. मग आमच्या लाल पेशी कशा टिकतात?

लोहितांग

उत्तम प्रश्न. गरज ही पटलात सहज ऑक्सिडीकरण होणारे मेद किती आहे त्यावर अवलंबून असते, आणि म्हणूनच आपल्या आयसीएमआरनेही एके काळी ई जीवनसत्त्वाची शिफारस आवश्यक मेदाम्लांच्या प्रत्येक ग्रॅममागे ०.८ मिलिग्रॅम अशी केली होती; त्यातून दिवसाचे साधारण ८ ते १० मिलिग्रॅम होतात. खोबरेल तेलात शंभर ग्रॅममागे एक मिलिग्रॅमही ई जीवनसत्त्व नसते, परंतु त्यात बहुअसंतृप्त मेदही दोन टक्क्यांच्या आसपासच. करडईच्या तेलात ते जवळपास ७५ टक्के, आणि त्याच्या सोबतीला सुमारे ३४ मिलिग्रॅम टोकोफेरॉल. सूर्यफुलाच्या तेलात सुमारे ४०, शेंगदाणा तेलात सुमारे १५ मिलिग्रॅम. ही तेले मेदही आणतात आणि राखणही आणतात. मात्र शुद्धीकरणात टोकोफेरॉलचा काही भाग जातो आणि भजी तळून उरलेले तेल पुनःपुन्हा तापवले तर उरलेलाही जातो. तेव्हा मेद शिल्लक राहते, राखण मात्र राहत नाही.

आपल्या ताटातला बांगडा आणि तारली यांचे मेद तर सर्वाधिक असंतृप्त. मासे नियमित खाणाऱ्यांनी सोबत मूठभर शेंगदाणे, थोडे बदाम किंवा हिरव्या पालेभाज्या खाल्ल्या तरी हिशेब जुळतो. तीस ग्रॅम शेंगदाण्यांतून सुमारे अडीच मिलिग्रॅम मिळते.

प्रश्नोत्तरे

इतके सगळे वाचून असे वाटते की चारशेची एक हिरवी कॅप्सूल रोज घेऊन टाकली तर हिशेब मांडायलाच नको. नाही तरी जीवनसत्त्वच आहे, त्याने काय बिघडणार?

लोहितांग

बिघडू शकते, म्हणून सांगतो. सर्वसामान्य माणसाच्या लाल पेशींच्या पटलात टोकोफेरॉल पुरेसे असते, आणि यकृतातले वाहक प्रथिन एका मर्यादेपलीकडे ते रक्तात चढू देत नाही. मात्रा वीसपट केली तरी रक्तातली पातळी दोन-तीन पटींपलीकडे सहसा जात नाही. पेशी त्यामुळे अधिक काळ जगतात असे दिसलेले नाही.

याउलट मोठ्या मात्रेत ते क जीवनसत्त्वाच्या नव्हे, के जीवनसत्त्वाच्या कामात अडथळा आणते. वॉरफॅरिन किंवा ॲस्पिरिन घेणाऱ्यांना रक्तस्रावाचा धोका वाढतो. अमेरिका, कॅनडा व प्वेर्तो रिको येथे ३५ हजारांहून अधिक पुरुषांवर झालेल्या सिलेक्ट चाचणीत रोज ४०० युनिट घेणाऱ्यांत प्रोस्टेटचा कर्करोग १७ टक्क्यांनी जास्त आढळला. हा निष्कर्ष २०११ चा. हिमोग्लोबिन कमी असेल तर आपल्याकडे त्याचे कारण बहुतेक वेळा लोहाची कमतरता असते, आणि ई जीवनसत्त्वाच्या मागे लागून लोहाची तपासणी राहून गेली तर ते नुकसान वेगळेच.

ज्यांना खरोखर गरज असते ते लोक वेगळे आहेत: पित्तप्रवाह अडलेली लहान मुले, सिस्टिक फायब्रोसिसचे रुग्ण, लहान आतड्याचा मोठा भाग काढलेले रुग्ण, आणि अबीटालायपोप्रोटीनेमियासारखे दुर्मिळ आनुवंशिक आजार असलेले. त्यांच्यात मेदच शोषले जात नाही. तिथे मात्रा डॉक्टर ठरवतात आणि ती प्रचंडही असू शकते. तिचा प्रमुख हेतू मज्जासंस्था वाचवण्याचा असतो.

सुनंदा_लॅब

अबीटालायपोप्रोटीनेमियाच्या रक्ताची काच मी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली आहे. गोल, मध्ये फिकट अशा नेहमीच्या पेशींऐवजी वेडेवाकडे काटे आलेल्या पेशी दिसतात. गंमत अशी, की ई जीवनसत्त्व दिल्यावर या पेशी पेरॉक्साइड चाचणीत टिकू लागतात, पण काटे जात नाहीत. कारण काटे पटलातल्या मेदांचे प्रमाण बिघडल्यामुळे येतात, ऑक्सिडीकरणामुळे नव्हे.

प्रश्नोत्तरे

आभार. कॅप्सूलचा विचार सोडला. पण माझ्या आरोग्य तपासणीच्या पॅकेजमध्ये ई जीवनसत्त्वाची पातळी आली आहे आणि ती किमान मर्यादेच्या किंचित खाली आहे. त्याचे काय करावे?

लोहितांग

आपण कोलेस्टेरॉल कमी करण्याचे औषध घेता का? टोकोफेरॉल रक्तात मेदप्रथिनांवर स्वार होऊन फिरते, त्यामुळे रक्तातले मेद कमी झाले की त्याचीही पातळी कमी दिसते, जरी पेशींच्या पटलात ते पुरेसे असले तरी. उलट कोलेस्टेरॉल फार वाढलेल्या माणसात कमतरता झाकली जाऊ शकते. म्हणून नुसता आकडा न पाहता एकूण मेदाशी त्याचे गुणोत्तर काढावे लागते. प्रौढांत एक ग्रॅम मेदामागे ०.८ मिलिग्रॅमपेक्षा कमी आले तरच कमतरता मानतात.

प्रश्नोत्तरे

होय, दोन वर्षांपासून स्टॅटिन चालू आहे.

सुनंदा_लॅब

मग तपासणी पुन्हा करायची झाल्यास बारा तासांच्या उपाशीपोटी एकाच वेळी काढलेल्या रक्तातून ई जीवनसत्त्व आणि लिपिड प्रोफाइल दोन्ही करून घ्या, आणि नमुना प्रकाशापासून झाकून ठेवतात ना, हे विचारा. घरी येऊन रक्त घेणारे कर्मचारी बऱ्याचदा नळ्या उघड्या पिशवीत घेऊन दुपारभर फिरतात. नळीतला वरचा द्रव लालसर दिसत असेल, तर सुई टोचताना पेशी फुटलेल्या आहेत असे समजून तो नमुना तिथेच नाकारावा आणि दुसरा द्यावा.